पोरं विरुद्ध सुमनबाई

खेळबिळ काही नव्हता. सुमनबाईंना खुर्चीवरून उठवायचं होतं, आणि ते हसतखेळत उरकायचं होतं. एवढीच भानगड.

आमगावच्या पलीकडच्या त्या गावात दोन खोल्यांचं सार्वजनिक वाचनालय, त्याचा सचिव इंद्रकुमार. त्याची सून रिंकू ग्रंथपालाचा कोर्स करून घरी बसलेली. सुनेला जागा हवी, तर जागेवर सुमनबाई. केस पिकले तरी हलायचं नाव नाही. कामात खोट काढावी तर पुस्तकं जिथल्या तिथं, फरशी लख्ख. मग इंद्रकुमारने डोकं लढवलं. वाचनालयासमोर बॅनर लावला, ‘पोरं विरुद्ध ग्रंथपाल, भव्य प्रश्नमंजुषा’. बॅनरवर सगळ्यात मोठा फोटो त्याचाच. आणि पानठेल्यावर चारचौघांत बोलून मोकळा झाला, “जे बाई सातवीच्या पोट्ट्याईसमोर हारते, ते कायची ग्रंथपाल? खेळ झाला का तिथंच कमिटीचा ठराव घेऊन टाकू.”

हे शब्द सुमनबाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. म्हणून रविवारी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि व्हरांड्यात मांडलेल्या टेबलामागे ताठ बसल्या. शेजारी वाचनालयाचा शिपाई सुकराम. ग्रंथपालांच्या बाजूने हे दोघंच. समोरच्या टेबलावर मोनाली, हिमांशू आणि आणखी एक चिल्लर पोरगं. दोन्ही टेबलांवर स्टीलची एकेक थाळी आणि चमचा. थाळी आधी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं. माईकवर रिंकू, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये प्रश्न. अंगणात अर्धं गाव.

“महाराष्ट्राचा राज्यप्राणी...” रिंकूचं वाक्य संपायच्या आत ठण्ण!

“शेकरू!” हिमांशू ओरडला.

“भारताच्या राज्यघटनेचा...” ठण्ण!

“सव्वीस नोव्हेंबर!”

सुमनबाईंचा चमचा हातातच. घटनेबद्दल नेमकं काय विचारायचं होतं ते अजून कोणाला कळलंही नव्हतं, आणि पोरगी उत्तर देऊन खाली बसलीसुद्धा. लोक टाळ्या पिटत होते. इंद्रकुमार पहिल्या रांगेत मांडीवर मांडी टाकून बसला होता. मधेच मान मागे वळवून म्हणाला, “क्या बात है! आमच्या पोट्ट्याईले मानलं पाहिजे. मॅडम, तुमची थाली फुटली का?”

अंगण खदखदलं.

“बाई, पोट्टे लय हुशार झाले बापा,” सुकराम पुटपुटला.

“हुशार? या हिमांशूले नळाची तोटी बंद करता येत नाई,” सुमनबाई दातओठ खात म्हणाल्या. “गप बस.”

प्रश्नामागून प्रश्न गेले. सुमनबाईंना उत्तरं येत होती, पण तोंड उघडायला मिळत नव्हतं. दोनदा त्यांनी अंदाजाने थाळी वाजवून पाहिली, दोन्हीदा पोरं आधी. फळ्यावर पोरांच्या बाजूला रेघांवर रेघा पडल्या, त्यांच्या बाजूला एकही नाही. बुडाखालून खुर्ची सरकते म्हणजे काय, ते त्यांना बसल्या जागी कळत होतं.

तेवढ्यात रिंकूचा फोन वाजला. माईक चालूच. “आई, ठेव ना वो! प्रोग्राम चालू हाये,” असं साऱ्या गावाला ऐकवून तिने फोन कापला, अंगठ्याने प्रश्न खालीवर केले आणि पुढचा वाचला.

“महाराष्ट्राचा राज्यपक्षी...” ठण्ण!

“नवेगाव बांध!” हिमांशू छाती फुगवून म्हणाला.

मग मागून कोणीतरी म्हणालं, “अबे, नवेगावचा तलाव कधीपासून उडून राहिला?” आणि अंगण फुटलं.

रिंकू गोंधळली. सासऱ्याकडे बघत तिने पुढचा प्रश्न रेटला. “भारतात पहिली रेल्वे...” ठण्ण!

“हरियाल!” हा मोनालीचा आवाज.

“सूर्याच्या सगळ्यात जवळचा...”

“मुंबई ते ठाणे!”

आता बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उत्तरं बरोबर होती, फक्त एक-एक घर मागे; हरियाल हा राज्यपक्षी, तो रेल्वेच्या प्रश्नाला आला होता. फोनच्या गडबडीत रिंकूने एक प्रश्न गाळला होता, आणि पोरं प्रश्न ऐकतच नव्हती. पाढ्यासारखी ओळीने पाठ केलेली उत्तरं ओकत होती.

त्या उठल्या. सरळ जाऊन रिंकूच्या हातातून माईक घेतला.

“मोनाली, उभी राय. हे उत्तरं कोनं पाठ करून घेतली?”

हिमांशूने मान खाली घातली. मोनालीने नाही घातली. बारा वर्षांची काटकुळी पोर, पण नजर सुरीसारखी.

“इंद्रकुमारदादानं,” ती म्हणाली. “पन जबरदस्ती नाई केली. आमालेच पाठ करायची होती.”

“काऊन?”

“तुमी जावाव म्हून.”

अंगणातला हशा विझला. मोनाली थांबली नाही. “तुमी आमाले पुस्तकाले हात लावू देत नाई. दरवाज्यातूनच हाकलता. जसे काई आमी कुत्रे हावो. दादा म्हणे, या मॅडम हारल्या तं नवी मॅडम येन, पुस्तकं घरी नेऊ देन.”

टाळ्या पडल्या. पहिली टाळी इंद्रकुमारची. पकडलेला चोर तो, आणि टाळ्या वाजवत उभा तोच. “पाहा! लेकरू बोलून राहिलं, लेकरू! खोटं तं नाई ना बोलत? पाठांतर सोडा, तो मजाक होता. असली बात हे हाये.”

सुमनबाईंचे कान तापले. पोरीच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, कारण ती खरं बोलत होती.

“बराबर बोलली,” त्या माईकमध्ये म्हणाल्या. “मी नाई देत पुस्तकं. मागच्या साली या पोट्ट्याईनं कपाटातून काढलेलं एक पुस्तक भेटत नव्हतं. तं या सचिवानं माया घराची झडती घेतली. माया सुनेसमोर माया पेटीतल्या साड्या बाहेर फेकल्या. तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. विचारा या सुकरामले.”

सुकराम चमच्याकडे बघत होता. चमच्याकडे बघतच म्हणाला, “मले संग नेलं होतं. कोठी मीच उघडली.”

“पुस्तक भेटलं कुठं?”

“इथंच. कपाटाच्या मांगं.”

“माफी मांगाले कोन आलं?”

सुकरामने चमचा थाळीत उपडा ठेवला.

“अरे, छोटीसी बात...” इंद्रकुमार पुढे आला.

“थांबा, भाऊ. हारली ना मी? फळ्यावर दिसून राहिलं. ठराव घ्या, खुर्ची देऊन टाकतो.” सुमनबाईंनी माईक खाली घेतला नाही. “फक्त एक सांगा. उद्या रिंकूच्या हातचं पुस्तक हरपलं तं तुमी तिची पेटी उघडून पाहान का?”

“काईच्या काई!” इंद्रकुमार भडकला. “घरच्या सुनेची कोनी झडती घेते का?”

बोलून गेला. मग त्यालाच ऐकू आलं. माईक सुमनबाईंनी त्याच्या तोंडासमोर धरला होता, त्यामुळे वाक्य पार बसस्टँडपर्यंत गेलं.

“हिची नाई, मंग बाईची कायले घेतली गा?” मागून एका म्हातारीने विचारलं. “तिचं घर घर नोय का?”

कमिटीचे दोन मेंबर चपला शोधायला लागले. रिंकूने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि सासऱ्याकडे न बघता म्हणाली, “मामंजी, घरी चला. मले अशी जागा नाई पायजे.” इंद्रकुमार खिशातला न वाजलेला फोन कानाला लावून अंगणाबाहेर पडला. ठराव मांडायला कोणी उरलंच नाही.

सुमनबाई परत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. समोर मोनाली तशीच उभी.

“आता काय?”

“मार्क आमचेच जास्त हायेत,” मोनाली म्हणाली. “तुमी हारल्याच.”

“चोरीचे मार्क.”

“मंग पुस्तक देता का नाई?”

सुमनबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ही पोर त्यांना कधी आवडणार नव्हती. तिलाही त्या आवडणार नव्हत्या.

“एक नेजो. घरी नेजो. फाटलं तं तुया घरी येईन मी, पन तुयी पेटी नाई उघडनार. तुया बापाले अंगनात बोलावून विचारीन.”

“या ना,” मोनाली म्हणाली. “आमचा बाप तुमाले भेत नाई.” आणि त्यांची वाट न बघता कपाटाच्या खोलीत घुसली.