मांडीवर ठेवलेला कर्णा

मित्रांनो, काचेच्या पेटीपाशी थांबणाऱ्यांपैकी बरेच जण मला नरसाळं समजतात. मी एक जुना पितळी कर्णा आहे. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांनी कानाशी धरायचा.

माझा जन्म लंडनमधल्या एका लहान कारखान्यात झाला. कारागिराने पत्रा ठोकून मला एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला करंगळीएवढं बारीक केलं. मी आवाज निर्माण करत नाही. हवेत विखुरणारा आवाज गोळा करतो आणि बारीक टोकाने बाहेर सोडतो. त्या टोकाशी कान असेल, तरच माझा उपयोग.

मला लॉर्ड स्केलवुड यांनी विकत घेतलं. ते लॉर्डांच्या सभागृहात बसत आणि शहरांना स्वच्छ पाणी मिळावं यासाठीच्या समितीचे अध्यक्ष होते. माणूस मनापासून काम करणारा. गटारांचे नकाशे ते जेवणाच्या टेबलावर पसरत, तेव्हा लेडी स्केलवुड आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जात.

सभागृहात त्यांची एक लकब प्रसिद्ध होती. एखाद्याचं भाषण लांबलं, की ते मला सावकाश कानावरून काढून मांडीवर ठेवत. सगळे हसत. बोलणाराही हसे. मला त्या हशाचा अभिमान वाटायचा. पुढे ही लकब त्यांच्याबरोबर घरीही आली.

आपल्या स्केलवुड गावी असले की दर सोमवारी ते गावकऱ्यांना भेटत. एका सोमवारी हॅना ग्रिग आली. ती विधवा होती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. कारभारी पेनफोल्ड तिला आत घेऊन आला.

"सरकार, तुमच्या नव्या तबेल्याची मोरी फुटलीय," ती म्हणाली.

तो तबेला लॉर्डसाहेबांनी स्वतः आखला होता. त्याच्याविषयी तक्रारी ऐकून त्यांचे कान किटले होते. कुणाला घोड्यांचा आवाज, कुणाला माश्या. ते सौम्य हसले आणि त्यांनी मला मांडीवर ठेवलं.

हॅना थांबली नाही. "ते पाणी खालच्या आळीच्या विहिरीत झिरपतंय. वास मारतो त्याला. माझी लेक मर्सी तेच पिते. मोरी दुरुस्त होईस्तोवर तुमच्या बागेतल्या झऱ्याचं पाणी नेऊ द्या आम्हाला. फाटक तेवढं उघडं ठेवा."

माझं रुंद तोंड तिच्याकडे होतं. तिचा शब्द न् शब्द माझ्यात आला आणि बारीक टोकातून लॉर्डसाहेबांच्या लोकरी कोटात जिरून गेला.

"बरं झालं आलात, बाई," ते म्हणाले. "प्रकृतीला जपा."

दाराशी पोचल्यावर ती पेनफोल्डला म्हणाली, "कर्णा मांडीवर होता त्यांच्या."

"असतो कधी कधी."

"मग मी बोलले कुणाशी?"

मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात आम्ही लंडनला गेलो. लॉर्डसाहेबांनी दूषित पाण्यावर फार चांगलं भाषण केलं. परत आलो तेव्हा खालच्या आळीत तापाची साथ होती आणि मर्सी ग्रिगला नुकतंच पुरलं होतं. विहिरीचं पाणी बाधलं, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"मला कुणी सांगितलं का नाही?" लॉर्डसाहेबांनी विचारलं.

पेनफोल्ड माझ्या तोंडाशी वाकला. "ग्रिगबाई बोलायला आल्या होत्या, साहेब."

"मला ऐकू आलं नाही."

"हो साहेब. मी दाराशीच उभा होतो."

लॉर्डसाहेबांनी टोपीसुद्धा घेतली नाही. ते चालत खालच्या आळीत गेले. हॅना कपडे पिळत होती. ते तिच्यासमोर एका उलट्या बादलीवर बसले आणि त्यांनी मला कानाशी घट्ट धरलं.

"सांगा, बाई. आता ऐकतोय मी."

माझ्यात फक्त कपड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. तो मी होता तसा त्यांच्या कानात पोचवला. हातातला कपडा पिळून झाल्यावर ती म्हणाली, "माझं सांगून झालंय, सरकार. पलीकडं टर्नरांची लेकरं आहेत. अजून जिवंत आहेत. त्यांच्या आईला विचारा, पाणी कुठनं आणते."

ते गेले. आळीतलं एकही दार त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत बागेचं फाटक बिजागरीसकट काढून टाकलं होतं आणि तबेल्याच्या मोरीवर कुदळी पडत होत्या. टर्नरांची मुलं वाचली. आळीतल्या लोकांनी पाणी नेलं. आभार कुणी मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर सभागृहात एकदा एक सदस्य फारच लांबण लावत होते. शेजारचे लॉर्ड माझ्यात कुजबुजले, "स्केलवुड, ठेवा की आता खाली. जेवायची वेळ झाली."

लॉर्डसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.  भाषण संपेपर्यंत मी कानाशीच होतो. त्या लकबीवर पुन्हा कधी कुणाला हसायला मिळालं नाही.

आज मी स्केलवुडच्या शाळेत आहे. माझ्याखालच्या पाटीवर लिहिलंय, की लॉर्डसाहेबांनी कितीतरी शहरांना स्वच्छ पाणी मिळवून दिलं. ते खरं आहे. मर्सीचं नाव पाटीवर नाही.

मला दर वर्षी चकाकी देतात. तेवढी काळजी पुरेशी आहे, मित्रांनो. मागणं एवढंच, की मला ज्या रीतीने ठेवलंय, ती कुणीतरी बदला. माझं रुंद तोंड तुमच्याकडे आहे. तुम्ही काचेपाशी जे बोलता, ते सगळं माझ्यात येतं. आणि माझं बारीक टोक मऊ मखमलीत रुतलेलं आहे, त्या सोमवारी कोटात रुतलं होतं तसंच.