फुकटातलं सगळ्यात भारी

मी ताईच्या कामाच्या खोलीतला कॉम्प्युटर बोलतोय. गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका. मी संतापलोय.

ताई वेगळ्या पायांसाठी बूट बनवते. कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. प्रत्येक पायाची मापं घेऊन ती माझ्या पडद्यावर तळव्याचं चित्र काढायची. अकरा वर्षांत साडेतीनशे माणसांचे पाय माझ्यात साठले होते. कुठे हाड टोचतं, कुठे मऊ गादी हवी, सगळं मला ठाऊक होतं. मला या कामाचा गर्व होता.

ताईचा धाकटा भाऊ कचेरीत नोकरीला. चौतीस वर्षांचा घोडा! संध्याकाळी ताई उठली की हा माझ्यासमोर बसायचा आणि कचेरीतल्या दोस्तांबरोबर बंदुकांचा गेम खेळायचा. रोज शेवटून पहिला. दोस्त फोनवर हसायचे.

एका शनिवारी त्याने चीटची, म्हणजे गेममध्ये लबाडीने जिंकवणारी, तीन सॉफ्टवेअर उतरवली. तिन्ही फुकट. वही उघडून रकाने आखले. "बघू, फुकटातलं सगळ्यात भारी कोणतं!" पहिल्याने गोळ्या संपेनात, पण जाहिरातींनी पडदा भरला. त्याला दोन तारे. दुसऱ्याने भिंतीपलीकडचे शत्रू दिसायला लागले, पण गेम सारखा बंद पडायचा. तीन तारे. तिसरं म्हणालं, आधी अँटीव्हायरस बंद करा.

मी लाल चौकट दाखवली. एकदा नाही, तीनदा. धोका आहे, असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं.

"गप रे," म्हणत त्याने 'तरीही चालू करा' दाबलं.

त्या संध्याकाळी तो जिंकला. खुर्चीत उड्या मारल्या. वहीत पाच तारे काढले.

सोमवारी ताईने मला सुरू केलं. टपालवाल्या बाईंचा बूट कापायचा होता. त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड, आणि कामच दारोदार चालायचं. फाइल उघडेना. दुसरीही नाही. सगळ्या चित्रांची नावं बदलून त्यांना कुलूप लागलं होतं. जादा प्रतींचा पेनड्राइव्ह माझ्याच पाठीत खुपसलेला होता. तोही गेला.

"परवा तर चालत होतं रे!" ताईने भावाला हाक मारली.

"जुना झालाय ताई," भाऊ म्हणाला. "डबडं आहे नुसतं. फेकून दे."

डबडं! मला तोंड असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

दुरुस्तीवाली आली. तासभर खटपट केली. "चित्रं परत येणार नाहीत," तिने सांगितलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. "शनिवारी संध्याकाळी ही तीन कुणी टाकली? तिसऱ्याने घात केलाय."

ताईने भावाकडे पाहिलं. अखेर भाऊ पुटपुटला, "मीच."

ताई ओरडली नाही. ओरडायला हवं होतं! तिने मापाची टेप त्याच्या हातात ठेवली. "प्रत्येकाला फोन कर. काय झालं ते खरं सांग. मापं तू घ्यायचीस."

आता तो दर रविवारी गुडघ्यांवर बसतो. माणसं पुन्हा येतात, पुन्हा मोजे काढतात. दोघं येऊ शकत नाहीत. ती दोघं या जगात नाहीत, आणि त्यांच्या पावलांची चित्रं ताईने फार जपली होती.

टपालवाल्या बाई तीन आठवडे जुन्या बुटांत चालल्या. मोजा काढला तेव्हा टाचेची कातडी सोललेली होती.

"दुखतंय का काकू?" भावाने विचारलं.

"चालताना दुखतं," त्या म्हणाल्या. "आणि मी दिवसभर चालते."

त्याने टेप टाचेला हलकेच लावली.

मला पुसून पुन्हा कामाला लावलंय. फुकट म्हणून काहीही आत घेणाऱ्यांनो, आधी विचारा, या यंत्रात आणखी कुणाचं काय ठेवलंय?

ताईने त्याला माफ केलं. मी केलेलं नाही.