फिनाऊच्या कमरेची चटई

मी चटई बोलतेय. अंथरायची नव्हे, कमरेला बांधायची. आमच्या टोंगाच्या लोकांत माणूस चर्चला, मयताला किंवा मोठ्या माणसापुढे मला न गुंडाळता गेला, तर अंगात सूट असला तरी तो उघडाच आला म्हणतात.

माझा जन्म बेटावरचा. केवड्याच्या जातीची लांब पानं काटे काढून उकळली, समुद्रात बुडवून ठेवली, उन्हात पांढरी केली. मग आजीने नखाने चिरून त्यांच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि विणायला बसली. विणताना गायची, मधेच शेजारणीला टोमणा हाणायची. दोन्ही माझ्यात उतरलं असावं. आधी तिच्या मुलाने मला बांधलं, मग नातवाने, फिनाऊने. आता कडा विरल्यात, रंग मधासारखा झालाय. आमच्यात चटई जितकी विरलेली, तितका तिला मान. माणसांनाही हाच नियम असता तर बरं झालं असतं.

फिनाऊ मला घेऊन ऑकलंडला आला तेव्हा केवढा धिप्पाड! विमानतळावर सामान चढवायचा, आणि रविवारी चर्चमध्ये खर्जात गायला लागला की माझी पट्टी न् पट्टी थरथरायची.

मग साखरेच्या आजाराने त्याच्या किडन्या पोखरल्या. पाय सुजले, तोंडाची चव गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं. घरी परतायचा तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. केळं बंद, नारळ बंद, पाणीसुद्धा घोटभरच. गाणं सुटलं, आणि मी कपाटात पडले.

कधीमधी बाहेर काढलं की त्याची बायको मालिया माझ्यावरची दोरी आवळताना म्हणायची, "आधी दोरी पुरायची नाही. आता उरलेल्या दोरीत मीसुद्धा मावेन." तो हसायचा. मग ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची.

पुढे हाताची शीर बसत चालली. सुई लागेना. दुसऱ्याची किडनी बसवायची, तर मृत माणसाकडून मिळणाऱ्या किडनीसाठी लांबलचक रांग. तेव्हा त्याची थोरली बहीण लोसा कुणाला न विचारता तपासायला गेली. रक्तगट जुळला, पेशी जुळल्या, दोन्ही किडन्या ठणठणीत. एक दिली तरी उरलेल्या एकीवर माणूस नीट जगतो, असं इस्पितळातले म्हणाले.

इथेच घोडं अडलं. आमच्यात बहिणीचा मान भावाहून मोठा. ती बसली असेल त्या खोलीत भाऊ बसत नाही. तिचं उष्टं खात नाही, तिच्या अंथरुणाला पाय लावत नाही, तिच्यासमोर शरीराचा विषय काढत नाही. आणि मोलाची वस्तू जायची ती भावाकडून बहिणीकडे. उलटी वाट नाही.

डॉक्टरीणबाईंना हे कुठून ठाऊक असणार! त्यांनी दोघांना एकाच खोलीत समोरासमोर बसवलं. फिनाऊने मान राखायला मला बांधलं होतं. त्याचे डोळे जमिनीवर. बाईंनी कागदावर चित्र काढलं. "जुन्या किडन्या काढायच्या नाहीत, त्या राहतील जागेवर. नवी इथे खाली, उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या कुशीत. पायाकडे जाते ना रक्तवाहिनी, तिला हिची रक्तवाहिनी जोडायची. आणि ही नळी मूत्राशयाला. चांगली लागली तर टेबलावरच लघवी..."

फिनाऊ ताडकन उठला आणि बाहेर गेला.

"घाबरले वाटतं," बाई म्हणाल्या. लोसा खिडकीबाहेर बघत बसली.

गाडीत बसल्यावर तो मालियाला म्हणाला, "ताईच्या सावलीवर मी कधी पाय दिला नाही. तिच्या अंगाचा तुकडा माझ्या पोटात ठेवू? आणि त्यातून गाळायचं काय, तर माझी घाण! नाही जमणार." घरी आल्यावर त्याने मला सोडलं, नीट गुंडाळलं. "ही ताईला दे. माझ्या वतीने माफी माग."

लोसा अळकुड्या सोलत होती. मालियाने मला तिच्या पायाशी ठेवलं.

"हे काय?"

"त्यांनी पाठवलीय. माफी मागितलीय."

"अस्सं! स्वतःच्या मयताची चटई आत्ताच पाठवतोय? घाई बघा लाटसाहेबाची!"

"ताई, ते म्हणतात, तुमच्या अंगाचं घेतलं तर तुमचा मान जाईल."

लोसाने सुरी खाली ठेवली. परकराला हात पुसले, मला मांडीवर घेतलं आणि माझ्या विरलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मालिया, ही विणली कुणी?"

"आजींनी."

"आजी बाईच होती ना? आमच्या बापाची आई. तिच्या हातचं इतकी वर्षं पोटावर बांधून मिरवलं, तेव्हा कुणाचा मान गेला नाही. आजीचं बाहेरून बांधतो, माझं आतून बांधेल." तिने आवाज चढवला. "आणि त्याला सांग, मी विचारत नाहीये. थोरली म्हणून सांगतेय. शब्द मोडायचा असेल तर इथे ये म्हणावं आणि माझ्या तोंडावर मोड."

ते फिनाऊला सात जन्मांत जमलं नसतं. मी मालियाबरोबर परत त्याच्याकडे आले.

नंतर इस्पितळात दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं, कुणी जबरदस्ती करतंय का? लोसा म्हणे खो खो हसली. "मला? आमच्या घरात मला जबरदस्ती करणारा अजून जन्मायचाय." फिनाऊला विचारलं तेव्हा मी त्याच्या कमरेलाच होते. तो म्हणाला, "हो. ताई करतेय." बाईंची लेखणी थांबली. तो पुढे म्हणाला, "पण बाई, मला जगायचंय. ती बोलली नसती तर हे मला तोंडातून काढता आलं नसतं."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बाहेर मालियाच्या मांडीवर होते. बाई टोपी काढत आल्या. "दोघंही ठीक आहेत. जोडल्याबरोबर कामाला लागली, बघा." मालियाने तोंड माझ्यात खुपसलं आणि रडून मोकळी झाली. समुद्रातून काढल्यापासून इतकं मीठ माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

किडनी जन्माची हमी देत नाही, वर्षं देते. शरीर तिला परकी समजून अंगावर धावून जातं, म्हणून ती आहे तोवर वेळच्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. फिनाऊ एकही चुकवत नाही. मालिया विचारते, "घेतली का?" तो म्हणतो, "ताईचं आहे ते. हयगय करून चालेल?"

मी आता म्हातारी झाले. चार पट्ट्या आणखी सुटल्यात. पण रविवारी पुन्हा थरथरते, कारण खर्ज परत आलाय.

चर्चनंतर लोसा जेवायला येते. ती बैठकीत आली की फिनाऊ मान खाली घालून उठतो आणि ओसरीवर जाऊन बसतो. रिवाज तसूभरही ढळलेला नाही. आतून ती ओरडते, "मालिया, त्याला म्हणावं मीठ कमी खा!" तो उजवा हात तेवढा माझ्यावर, खाली कमरेपाशी ठेवतो. ताईला मान द्यायला तो खोलीबाहेर येतो खरा, पण ती त्याच्याबरोबरच बाहेर आलेली असते, हे माझ्याइतकं जवळून कुणाला माहीत?

म्हणून मालिया, तुझ्याकडे एकच मागणं आहे. मला बांधशील तेव्हा गाठ डावीकडे घे, आणि दोरी जरा सैल ठेव. आत आमच्या घरची थोरली लेक झोपलीय.