दोनशे चौदा धडे

"सगळे धडे यात आहेत, मॅडम. दोनशे चौदा. म्या दोनदा मोजले," म्हणत शाळेचा शिपाई दिलीपने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

करुणा कळंबेने तो ऑफिसातल्या संगणकाला लावला. फाइली खरोखर दोनशे चौदाच होत्या. पण सगळ्या मिळून एका फोटोएवढीही जागा भरत नव्हती. सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला हे आकडे जुळेनात.

"दिलीपभाऊ, शूटिंगची आणि तयार व्हिडिओंची फोल्डरं कुठं आहेत?"

"ते मोठाले? ते तं उडवले. स्मार्ट रूमचा कंपनीवाला म्हणे, जागा करून द्या, नवीन ॲप टाकायचं हाय. आन तुम्हीच तं सांगतलं होतं ना, ह्याच फाइली जपायच्या म्हणून."

सांगितलं होतं खरं. व्हिडिओ जोडायचं ते मोफत, मुक्त सॉफ्टवेअर तिने सहा वर्षांपूर्वी स्वतः शिकून घेतलं होतं. त्याच्या फाइलीत चित्र नसतंच. कुठलं दृश्य कुठे कापायचं, कशाला जोडायचं, एवढीच नोंद असते. दर रविवारी संध्याकाळी दिलीपने तीच उतरवून ठेवावी म्हणून ती म्हणाली होती, "धडा यातच असतो." सोपं करून सांगण्याची शिक्षकी सवय.

हे धडे तिने मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या या शाळेत रविवारी बसून केले होते. मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी दुसरं काही नव्हतं. कंपनीचं ॲपही हिंदी-इंग्रजीच होतं. सोमवारी पांढुर्ण्याच्या बैठकीत हा संच जिल्ह्यातल्या मराठी शाळांना द्यायचा होता. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती.

प्राचार्य रवींद्र सर स्मार्ट रूमची फीत कापायच्या कार्यक्रमाच्या पत्रिका वाचत होते.

"अरेरे," ते म्हणाले. "पण यूट्यूबवर असतील ना?"

"मुलींचे चेहरे दिसतात म्हणून तुम्हीच नको म्हटलं होतं, सर."

"हो का? मंग पुन्हा करून टाका. सॉफ्टवेअर तं फुकटचंच आहे ना तुमचं. त्यात आपलं गेलं काय?"

"प्रयोगशाळा गेली, सर. स्मार्ट रूम झाली तिची."

"मॅडम, तुम्ही आता आराम करा. सोमवारच्या बैठकीत आपण कंपनीचंच दाखवू. ते प्रोजेक्टर देऊन राहिले."

ती दहावीच्या वर्गात गेली. तयार धडे मुलं शाळेच्या वाय-फायवरून फोनमध्ये घेत असत. कोणाकडे तरी उरले असतील. रामाकोना गावची तेजस्विनी पहिल्या बाकावर होती.

"माह्याजवळ होते न मॅडम. पण फोन भरला, अन् घरी मावशीच्या लग्नाचे व्हिडिओ घ्याचे होते. पेपर झाला तवा काढून टाकले."

"चालतं," करुणा म्हणाली.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, त्या ॲपमधला सर तं सूट घालून शिकवते." वर्ग हसला. तीही हसली. एकेका फोनमधून शोधून अकरा धडे निघाले, त्यांतले चार अर्धवट.

ती ऑफिसात परतली तेव्हा दिलीप संगणकासमोर उभाच होता. चूक काय झाली ते त्याला एव्हाना उमगलं होतं. जागा करताना काढून टाकलेलं ते सॉफ्टवेअर त्याने पुन्हा उतरवून घेतलं होतं. फुकटचं. दहा मिनिटांत आलं.

"एक लावून पाह्यतो, मॅडम. काही तं येईन."

त्याने लंबकाचा धडा उघडला. सगळे काप आपापल्या जागी होते, सेकंदाच्या हिशोबाने. प्रत्येक तुकड्यावर दृश्य सापडत नसल्याची लाल खूण. त्याने तरी धडा चालू केला. काळा पडदा, आवाज नाही. मग खालच्या बाजूला तिने टाइप केलेल्या ओळी उमटल्या. त्या तेवढ्या फाइलीतच राहत असत.

'दोरी ताणून धरा.'

'सोडा.'

'आता वीस झोके मोजा. मी थांबते.'

"बंद करू काय, मॅडम?" दिलीपने हळूच विचारलं.

"थांबा. चाळीस सेकंद आहेत तिथं," ती म्हणाली, आणि काळ्या पडद्याकडे पाहत मोजत राहिली.