छताखालचं ऊन

पांढऱ्या डागात रंग परत येतो तेव्हा तो नुसता कडेकडून आत सरकत नाही. डागाच्या मधोमध, जिथे बारीक लव असते तिथे, लवेच्या मुळाशी एकेक तपकिरी ठिपका उमटतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. ठिपके सावकाश पसरतात, एकमेकांना भिडतात आणि मग ते ठिपके राहत नाहीत, कातडी होते. सासूबाईंच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या हाडाखाली, असे ठिपके पहिल्यांदा मला दिसले. ती जागा त्यांना स्वतःला दिसत नाही आणि मलम लावायचं काम माझ्याकडे होतं.

आलेत, एवढंच मी सांगितलं.  त्या दिवशी त्या मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणत होत्या.

सासूबाई बायकांचे कपडे शिवतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. एक बाक, दोन मशीन आणि मधे जाड हिरवा पडदा. माप पडद्याआड घेतलं जातं आणि त्याचा एक नियम आहे: आकडा तोंडाने बोलायचा नाही. इतर ठिकाणी छाती अमुक, कंबर तमुक असं मोठ्याने सांगतात आणि हाताखालची मुलगी लिहून घेते. सासूबाई टेप लावतात, आकडा डोळ्यांनी उचलतात आणि बाई बाहेर गेली की कापडाच्या कोपऱ्यावर खडूने टिपतात. बाकावर बसलेलीला आत उभ्या असलेलीचं माप कळता कामा नये. कुणाची पाठ भाजलेली आहे, कुणाची एक बाजू शस्त्रक्रियेत गेली आहे, हे त्यांना माहीत असतं आणि त्यांच्यापाशीच राहतं. अर्ध्या गावाच्या बायका म्हणूनच त्यांच्याकडे येतात.

त्यांच्या स्वतःच्या अंगावरचे डाग मात्र घरातली आम्ही दोघं आणि डॉक्टरीणबाई सोडून कुणालाच माहीत नव्हते. सख्ख्या बहिणीलाही नाही. भर उन्हाळ्यात लांब बाह्या आणि बंद गळा पाहून मावशी त्यांना टोमणा मारायच्या, जगाला शिवते आणि स्वतः गोणपाट घालते. सासूबाई हसण्यावारी न्यायच्या.

हा रोग लागणारा नाही, हे मी लग्नानंतर त्यांना पुस्तक दाखवून सांगितलं होतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पुस्तक दाखवायची खोड आहे मला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हाताखाली रोज दुसऱ्याचं अंग असतं. जिला ठाऊक नाही, ती तुझा तास संपेपर्यंत थांबणार आहे का?"

मी पुस्तक मिटलं.

उपाय साधा होता: मलम लावायचं आणि थोडा वेळ ऊन घ्यायचं. डॉक्टरीणबाईंकडे त्यासाठी खास दिवेही होते, पण त्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर कायम आमचीच गिऱ्हाइकं बसलेली असायची. गच्ची बरी पडली. सासऱ्यांनी हयात असताना कापड वाळवायला म्हणून गच्चीला पुरुषभर उंचीचा कठडा बांधून घेतला होता. शेजारच्या कुठल्याच खिडकीतून आत दिसत नसे. सासूबाई दहाच्या सुमारास वर जायच्या, पाठ उघडी टाकून ठेंगण्या स्टुलावर बसायच्या आणि जुन्या कपड्यांची शिवण उसवत राहायच्या. आयुष्यात प्रथमच आपल्या पाठीला वारा लागतोय, असं एकदा त्या म्हणाल्या होत्या.

मग एका सकाळी तो आला. आधी नुसती गुणगुण, मग जिन्याच्या टपरीवर चार पंखांचं ते यंत्र. खाली काचेचा एक डोळा. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ ते स्थिर राहिलं आणि तिरकं होऊन निघून गेलं. सासूबाई मलमासकट खाली आल्या. घाईत चढवलेला झगा उलटा होता.

"भुंगा होता," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव भुंगाच पडलं.

भुंगा कोपऱ्यावरच्या घरातल्या कॅमेरावाल्याचा होता. विकायच्या घरांच्या फिल्म्स तो वरून काढायचा, आणि सकाळचा उजेड चांगला म्हणून सराव सकाळी करायचा. मुलगा वाईट नव्हता. वाटेत भेटला की हातातली पिशवी घ्यायचा. माझा नवरा त्याच्याकडे गेला. आवाज चढवणं नवऱ्याच्या स्वभावातच नाही, त्यामुळे बोलणं गोडीगुलाबीनेच झालं. कॅमेरावाला म्हणाला, दादा, मी नुसती छपरं बघतो, माणसं नाही. मग हसून त्याने विचारलं, गच्चीवर सोनं वाळत घातलंय का? नवऱ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते द्यायची परवानगी नव्हती. तो चहा पिऊन परत आला.

चौकीवरचे हवालदार म्हणाले, नियम आहेत, दुसऱ्याच्या घरावर अशा घिरट्या घालता येत नाहीत. पण ज्याला त्रास होतो त्याने स्वतः येऊन सांगायचं: काय दिसलं, कुणाचं दिसलं. नवऱ्याने घरी येऊन आईला विचारलं, सांगायचं का? सासूबाई काज करत होत्या. दोऱ्याचं टोक दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "बघू."

हे बघू पुढे बरेच दिवस चाललं. दार बंद ठेवायला आधी दाराआड काय आहे ते सांगा, असा तो प्रकार होता. गच्ची बंद झाली. पाठीवरचे ठिपके होते तेवढ्यावरच थांबले.

तोडगा मी काढला. गच्चीच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकचं दुधी छत. खालून उजेड भरपूर, वरून पाहणाऱ्याला मात्र काहीच दिसणार नाही. दुकानदाराने दोन प्रकारचे पत्रे दाखवले आणि महागातल्यावर बोट ठेवलं: हा पत्रा उन्हातले घातक किरण अडवतो, फर्निचरचा रंगसुद्धा उडत नाही. मी मान डोलावली आणि तोच घेतला.

सासूबाई पुन्हा वर जाऊ लागल्या. भुंगा यायचा, छतावर त्याची सावली फिरायची, आणि त्या मान वर न करता शिवण उसवत राहायच्या. एकदा त्याला उद्देशून म्हणाल्या, बस आता बोंबलत. घरात सगळ्यांनाच बरं वाटलं, मला जरा जास्तच.

पण ठिपके वाढेनात. पुढे पुढे फिके होऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी वेळ वाढवून दिली, मग मलम बदललं. वय झालं की असं होतं, असंही म्हणाल्या. सासूबाईंनी ते लगेच मान्य केलं. स्वतःबद्दलच्या वाईट बातम्या त्यांना लवकर पटतात.

एका सुट्टीच्या दिवशी मी बाजारातून आले ती तशीच वर गेले. माझा चष्मा उन्हात आपोआप काळा होणारा आहे. छताखाली बसून मी त्यांना मलम लावलं आणि ठिपके नीट पाहण्यासाठी वाकले. ठिपके स्वच्छ दिसत होते. जरुरीपेक्षा स्वच्छ. मी चष्मा काढून पाहिला, तर काचा पाण्यासारख्या नितळ. भोवती लख्ख उजेड होता, पाठीला ऊबही लागत होती. मी उठून छताच्या बाहेर गेले. काचा काळ्या झाल्या. आत आले, थोडा वेळ थांबले, पुन्हा नितळ.

अशा काचा उजेडाने काळ्या होत नाहीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी होतात. आणि सासूबाईंच्या पाठीला हवे होते तेच किरण. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. दुकानदाराने तर तोंडावर सांगितलं होतं. त्याने गुण म्हणून सांगितलं, मीही गुण म्हणूनच ऐकलं. इतके दिवस त्या नुसत्या गरम होत होत्या.

मी त्यांच्या पाठीमागे उभी राहूनच सगळं सांगितलं. समोर जाऊन सांगायला जड गेलं. त्या उसवत होत्या ती शिवण पूर्ण करून थांबल्या.

"म्हणजे वय नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, आई. माझं छत होतं."

"शिकलेली सून केली की घरात उजेड पडतो म्हणतात," त्या म्हणाल्या. "नुसताच उजेड पडला बघ." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्यांनी मान मागे वळवून, जिथलं कधीच काही दिसत नाही अशा त्या खांद्याकडे बघितलं. ठिपके अजून आहेत का, असं विचारलं. थोडे आहेत, मी म्हटलं. त्यांनी झगा चढवला, या वेळी सुलटा, आणि खाली गेल्या.

दुपारी नवऱ्याने पर्याय मांडले. जाळी लावू, कॅमेरावाल्याला वेळ बदलायला सांगू, कारण काहीतरी दुसरं देऊ. आईला चक्कर येते म्हणू. सासूबाई ऐकत होत्या. बाकावर बालवाडीच्या बाई बसल्या होत्या, त्यांच्या ड्रेसची बाही उसवून द्यायची होती, म्हणून नवरा हे सगळं स्वयंपाकघरात कुजबुजत होता. तेवढ्यात बाहेर गुणगुण ऐकू आली; सुट्टी म्हणून भुंगा आज दुपारीही उडत होता. सासूबाई उठल्या आणि फाटकापाशी जाऊन त्यांनी कॅमेरावाल्याला हाक मारली. त्याने भुंगा खाली उतरवला, काखेत घेतला आणि चपला काढून आत आला.

मी पडदा बाजूला धरला. आत बोलता आलं असतं. सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि मशीनशेजारच्या आपल्या खुर्चीवरच बसल्या. बालवाडीच्या बाई समोरच होत्या.

"काकू, दादांना मी बोललो होतो," कॅमेरावाला म्हणाला. "तुमच्या गच्चीवर मी खरंच काही बघितलं नाही."

"नसशील बघितलं. पण मला रोज तुझ्या शब्दावर कपडे काढायला लागतात, त्याचं काय?"

त्याची मान खाली गेली. बालवाडीच्या बाई चुळबुळल्या, मी बाहेर थांबू का, म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना हातानेच बसायला सांगितलं. त्यांची बोटं मांडीवरची टेप गुंडाळत होती, उलगडत होती.

"मी मग येऊ का?" कॅमेरावाल्याने विचारलं. "तुम्ही विचार करून सांगा."

मला वाटलं, आता त्या बघू म्हणतील. त्यांनी टेप मशीनवर ठेवली.

"विचार झाला माझा. माझ्या अंगावर पांढरे डाग आहेत, त्यांना ऊन लागतं. उद्या ते छत उतरवायचं आणि मी वर पाठ उघडी टाकून बसायचं, असं मी ठरवलंय. मी सांगितलं तेवढंच तुम्हा सगळ्यांचं. बाकी माझं आहे, आणि माझ्या घरावर तू हे उडवायचं नाहीस."