बडीशेपेखालचा वास

क्रुसाचा सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बूलोसकाकांनी अंगणात निळी प्लास्टिकची पिंपं आणून उतरवली.

"घ्या वहिनी. यंदाचं आंबवण यात होऊ द्या. फुकट आहेत म्हणून नाक मुरडू नका."

वर्देकाकूंनी पिंपांवरून हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे जरा सैलावले. जुमाना दारातूनच बघत होती. काखेत तिची लेक लूर्द, आणि लूर्दच्या तोंडात जुमानाच्या गळ्यातली साखळी. सासूला ती तिकडच्या रीतीनं काकूच म्हणे. सासरे हिवाळ्यात गेल्यापासून या काकूंना एकच घोर लागला होता. ऐन-जौज गावात घरटी द्राक्षं होती आणि घरटी अरक, म्हणजे बडीशेप घातलेली द्राक्षांची दारू, होता, पण तांब्याची मोठी भट्टी होती ती याच घरात. ती इथं राहणार की नाही, ते यंदाच्या अरकावर ठरायचं होतं.

बूलोसकाका सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासऱ्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, पाहुण्यांच्या पानात भात पडत असतानाच, त्यांनी बोलून टाकलं होतं, "अरक दादाच्या तोलाचा निघाला तर भट्टी इथेच. नाही निघाला तर माझ्या अंगणात. तुमचा मुलगा फारेस कामाला परदेशी, आबिजानला. इथे दोन बायका आणि एक रांगतं पोर. तांबं थंड पडलं की घर थंड पडतं." माणूस मनाचा वाईट नव्हता. म्हणून तर त्याला तोंडावर काही म्हणता येत नव्हतं.

आंबवायला भांडं नव्हतं, हे मात्र खरं. सासऱ्यांची लाकडी पिंपं दरवर्षी उन्हाळाभर भिजती ठेवावी लागत. यंदा दुःखात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ती वाळली, फळ्या आकसल्या, आणि फटींतून आरपार उजेड दिसायला लागला.

बूलोसकाकांनी रीतीप्रमाणे पेलाभर जुना अरक एकेका पिंपात ओतला आणि ते आडवं करून घोळवलं. भांड्याला घरची ओळख पटली पाहिजे, असं तिथले लोक मानतात. मग त्यांनी स्वतः वास घेतला, वर्देकाकूंना दिला, कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या सैदेताईंनाही दिला. बडीशेपेचा झणझणीत वास. सगळ्यांनी माना डोलावल्या.

जुमानानं लूर्दला सासूकडे दिलं, पिंपात डोकं घातलं, आणि बराच वेळ ते बाहेर काढलं नाही.

"यात दुसरं काहीतरी आहे," आतूनच ती म्हणाली.

"आहे ना. अरक आहे," बूलोसकाका म्हणाले.

"त्याच्या खाली, काका."

"खाली पिंपाचा तळ आहे, पोरी."

सैदेताई हसल्या. वर्देकाकू ओशाळल्या. जुमानाचं नाक ही घरातली जुनी कटकट होती. लूर्दची बाटली उकळून झाली तरी ती हुंगायची, दूध हुंगायची, धुतलेली दुपटी हुंगायची. तिचा नवरा फारेस फोनवर म्हणायचा, आज काय हुंगलंस ते सांग, मग बाकीचं बोलू.

"याआधी यात काय होतं?"

"ऑलिव्ह. मुरवलेले ऑलिव्ह. आणि हे बघ, तुला शहरात शिकवलं असेल नाकानं कांदे सोलायला. इथे आम्ही नाकानं अरक ओळखतो. या अंगणात वर्षानुवर्षं तोच तर वास घेत आलोय."

तीच तर गोम आहे, असं तिच्या मनात आलं. या सगळ्यांच्या नाकात बडीशेप इतकी मुरली होती की ती आली की बाकी सगळं त्यांना स्वच्छच वाटायचं. लूर्द आधी पोटात होती, मग अंगावर पीत होती, म्हणून जुमानानं दीड वर्षात अरकाला ओठ लावला नव्हता; तिचं नाक कोरं होतं. पण हे सांगून कोण ऐकणार? शिवाय आपलाच भ्रम असला तर? रात्री पोराचा श्वास चालू आहे ना हे पुन्हापुन्हा बघणारी बाई, तिच्या भीतीवर किती विसंबायचं? आणि चुकीचं भांडं एकदा भरलं की संपलंच. भट्टीत वाईट वास जळून जात नाही, उलट आटून आटून दाट होतो. ते सगळं पेल्यात येणार. पेला गावाच्या हातात, आणि भट्टी काकांच्या अंगणात.

तिनं वाद घातला नाही. पिंप कढत पाण्यानं धुतलं, पुसून कोरडं केलं, आणि तव्यावरून उतरलेली गरम रोटी फडक्यात बांधून आत टांगली. झाकण घट्ट लावून पिंप उन्हात ठेवलं. तशीच एक रोटी तळघरातल्या मातीच्या रांजणात टांगली. तिसरी सैदेताईंच्या गोठ्यामागच्या दुधाच्या स्टीलच्या टाकीत. नवी थंड करणारी टाकी आल्यापासून ती जुनी टाकी रिकामी पडून होती.

"पोर आजारी आहे का हिचं?" सैदेताईंनी वर्देकाकूंना हळूच विचारलं. "मग ही अशी का वागते?"

उन्हं कलल्यावर जुमानानं तिन्ही रोट्या एका ताटात ठेवल्या आणि ताट बूलोसकाकांपुढे केलं.

"खा काका."

"साधी रोटी? ऑलिव्ह तरी दे सोबत."

"पिंपात होते म्हणालात ना? मग रोटीत चव उतरली असेलच."

पिंपातल्या रोटीचा घास काकांनी तोंडात टाकला. दोनदा चावला. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांना भर चर्चमध्ये शिवी दिली. ते उठले, डाळिंबाच्या आळ्यात थुंकले, परत आले आणि खिशातून फोन काढला. पलीकडून त्यांच्या मुलाचा आवाज अंगणभर ऐकू आला. हो, शेगडीचं डिझेल त्याच पिंपांत ठेवलं होतं गेला हिवाळाभर. पण साबणानं धुतली होती की, बाबा.

"गाढवा," काका एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरी रोटी वर्देकाकूंनी खाल्ली. आंबट. रांजणात कधीतरी वाईनचा सिरका झाला होता आणि तो मातीत शिरून बसला होता. त्यात द्राक्षं घातली असती तर अरकाऐवजी सिरकाच निघाला असता. तिसरी रोटी रोटीसारखीच लागत होती.

"दुधाच्या टाकीत द्राक्षं?" वर्देकाकू कासावीस झाल्या. "तुझे सासरे थडग्यातून उठून येतील."

"येऊ देत, काकू. चव तरी सांगतील."

त्या आधी दचकल्या, मग पदरासारखा ओढलेला काळा रुमाल तोंडावर धरून खुदकन हसल्या. टाकी आली.

द्राक्षं रगडून टाकीत पडायला लागली तेव्हा जुमाना शिडीवर उभी होती. काठाखाली दोन वितींवर तिनं हात आडवा धरला. "बास."

"रिकामं ठेवतेस?" बूलोसकाका म्हणाले. "भरल्या घरात भांडं काठोकाठ असावं. अपशकुन आहे हा."

"फसफसून वर आलं आणि अंगणातून वाहत गेलं तर शकुन होईल का?"

काकांनी हात वर केले. दुसऱ्याच दिवशी रगडा फुगला, साली वर आल्या आणि काठाच्या जरा खाली येऊन थांबल्या. आतून तेलात काही तळल्यासारखा आवाज यायचा. जुमाना सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं साली खाली दाबायची, वर मलमलीचं फडकं बांधायची, त्यावर एखादी माशी बसली तरी तिचा जीव टांगणीला लागायचा. बूलोसकाकांची बायको येता-जाता विचारायची, "काय गं, पाळणा कुठला आणि टाकी कुठली, चुकत नाही ना तुझं?" जुमाना म्हणायची, "दोघी रडल्या की कळतं." खरं तर तिला हसू येत नव्हतं. एके सकाळी आवाज थांबला आणि ती घाबरून शिडीवर चढली. साली तळाशी बसल्या होत्या. वर स्वच्छ, पिवळसर, वाईनच्या वासाचा रस. बाकी कसलाच वास नाही. तिनं दोनदा हुंगलं. मग शिडीवरच बसून राहिली.

भट्टी लावली त्या दिवशी अर्धं गाव आलं. राखेत बटाटे, ताटांत कच्चं मांस कुटून केलेली किब्बे, कांद्याची पात. वर्देकाकूंनी भट्टीच्या झाकणाची फट कणकेनं लिंपली. ओकच्या लाकडांची आच जुमानानं मंद ठेवली, आणि जो कोणी लाकूड सारायला वाके त्याचा हात ती मागे करी. पहिली धार आली तेव्हा बूलोसकाकांनी पेला पुढे केला.

"ही नाही," ती म्हणाली आणि ती धार काट्यांच्या झुडपात ओतून आली. "हे विष असतं, काका. तुम्ही मला हवे आहात."

काकांनी पेला मागे घेतला. ते पिकअप घेऊन आले होते. मागे दोरखंड आणि घोंगड्या होत्या, भट्टी बांधून न्यायला. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग गाळण्याचे पुढचे सगळे फेरे झाले, बडीशेप पडली, आणि शेवटची धार घड्यात जमली. वर्देकाकूंनी पेल्यात अरक ओतला, वर पाणी सोडलं. पेला एका क्षणात पांढराशुभ्र झाला, ताज्या दुधासारखा. बूलोसकाकांनी तो उन्हात धरला, मग घोट घेतला. डोळे मिटले. लोक बटाटे सोलायचे थांबले.

काकांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. पेला रिकामा करून तो उपडा ठेवला.

"दादाचा असाच असायचा," ते म्हणाले. मग स्वतःवरच वैतागल्यासारखं म्हणाले, "नाही. दादाच्या अरकाला शेवटी लाकडाची किंचित कडू चव यायची. आम्ही म्हणायचो, तीच खरी. याला तेही नाही."

सैदेताईंनी जीभ तोंडात फिरवत जी आनंदाची किलकारी दिली ती खालच्या रस्त्यापर्यंत गेली. बायका उठल्या. कुणीतरी लूर्दला उचलून वर फेकलं आणि झेललं. जुमानाचे हात आपसूक पुढे झाले, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

गर्दी जरा पांगल्यावर बूलोसकाका वर्देकाकूंजवळ येऊन उभे राहिले. "वहिनी, माझा रगडा घरी तयार बसलाय. भट्टी येणार म्हणून मी चुलाणही रचून ठेवलं होतं. आता त्याचं काय करू?"

"मला काय विचारता, भावजी? भट्टी जुमानाची. तिला विचारा."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "जुमाना पोरी."

"आणा की, काका. पण सैदेताईंचा नंबर आधी, टाकी त्यांची आहे. मग तुमचा."

"मग माझा," काका म्हणाले आणि पिकअपमधली घोंगडी काढून भट्टीच्या चुलाणापाशी अंथरून बसले, नंबर येईपर्यंत उठणार नाही अशा बेतानं.