बिनखिळ्याच्या खोपी

मांडवीपलीकडच्या जंगलात गोऱ्या साहेबांच्या शिकारीसाठी बांधलेल्या चार सागवानी खोपी होत्या. शंभरेक वर्षांच्या. हिलाल सुताराच्या आजाने त्या उभ्या केल्या, त्याही एक खिळा न ठोकता. सांध्यासांध्यात लाकडी खुंट्या. हिलालचा मुलगा गजेंद्र सुरतजवळच्या उधन्यातल्या एका ठेकेदाराकडे मुकादम होता. खोपींची डागडुजी निघालीय असं त्याने सांगताच सत्तरीचा हिलाल पटाशी, वाकस अशी आपली हत्यारं घेऊन पहाटेच जीपमध्ये जाऊन बसला.

तिथे ट्रक उभा होता. आजाने घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या खांबावर गुटख्याची ताजी पिचकारी ओघळत होती. आत बिअरच्या बाटल्या, कोपऱ्यात कुणीतरी केलेली घाण, आणि तुळईवर खिळ्याने कोरलेली पोरापोरींची नावं. हिलालने खांबावरची पिचकारी उपरण्याने पुसली. त्यात ठेकेदार हसत सांगत होता की डागडुजी कसली, हे खांब एका शेठच्या सुरतेतल्या दिवाणखान्यात जाणार. दोन दिवस पहारी घालून माणसं थकली, लाकूड चिरतंय पण सांधा सुटत नाही. आधी कुठली खुंटी काढायची तेवढं म्हाताऱ्याने दाखवावं.

"मन्हा हात ह्या कामले नही," हिलाल म्हणाला, आणि मोहाखाली जाऊन बसला. ठेकेदाराची शिसारी आली होतीच, पण बापाला खोटं सांगून आणणाऱ्या लेकाचं तोंडही बघवेना. एकच समाधान होतं. गजेंद्र लहानपणापासून कापडाच्या मागावर राबलेला, त्याने कधी पटाशी हातात धरली नव्हती. आपण गप्प बसलो की खोपी उभ्या राहतील.

गजेंद्र बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग स्टुलावर चढला आणि आढ्याखालची, डावीकडची तिसरी खुंटी त्याने अलगद ठोकून बाहेर काढली. सांधा सुटला.

"आबा," तो खाली उतरत म्हणाला, "आपला देव्हारा बी आसाच उघडस ना?"

दर दिवाळीला आजाच्याच हातचा तो बिनखिळ्याचा देव्हारा सुटा करून तेल लावायचं काम घरात गजेंद्रचंच. आठ वर्षांचा असताना हिलालनेच त्याचं बोट धरून ती खुंटी दाखवली होती, आणि पोराचं कौतुकही केलं होतं. हे हिलाल साफ विसरला होता.

संध्याकाळपर्यंत चारही खोपी ट्रकात चढल्या. घरी आल्यावर हिलालने हातपायही धुतले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने लोखंडी खिळे आणले, आणि जन्मात पहिल्यांदा, देव्हाऱ्याच्या सांध्यात एकेक करून ठोकले.